बातमीचे इंच

पौड, ९ ऑक्टोबर १९८२

सात इंच दोन सूत. तिसरे पान, डावीकडून दुसरा कॉलम. वर ‘आमच्या वार्ताहराकडून’ असे छापले आहे. त्याच पानावर खाली आणखी एक, चार इंच. एकूण अकरा इंच दोन सूत.

चि. सायरास मामूची दुवा. माप आधी लिहिले, कारण टेप हातात होती आणि आकडा माझ्या डोक्यात राहत नाही. गिऱ्हाइकाचेही मी असेच करतो. आधी छाती आणि कंबर, मग रामराम.

बकरीदला तू पेपरातली तुझी बातमी दाखवलीस, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून नथूला रोजचा पेपर टाकायला सांगितला आहे. इतके दिवस मी भिकूच्या हॉटेलात जाऊन फुकट वाचत होतो. आता आपला पेपर आपल्या दुकानात येतो. तुझी अम्मी काजं करता करता मान वर करते आणि विचारते, आज आली का? आली असली की मी वाचून दाखवतो. ताजबीला अक्षर येत नाही, पण तू कोणत्या कोपऱ्यात छापून आलीस ते बोट लावून बघते.

इंचाला चाळीस पैसे, असे तू म्हणालीस. मी दहा दिवसांची सरासरी काढली. रोज अकरा इंच. म्हणजे चार रुपये चाळीस पैसे. महिन्याचे एकशे बत्तीस. पतसंस्थेचे दोन हजार आपण जुलैत उचलले, दोन हजार डिसेंबरात उचलायचे. चार हजारांचा हप्ता पुढच्या जुलैपासून, तीन वर्षे, महिना एकशे तेहतीस. एक रुपया मी घालीन.

जुलैत जयसिंगराव सेक्रेटरी काय म्हणाले होते ते तुला सांगितले नव्हते. म्हणाले, “बी.ए. झाली, आता बी.एड. करू द्या. मास्तरीन हुईल. ह्ये संज्ञापन काय हाय?” मला सांगता आले नाही. आनंदा गुरुजी जामीन म्हणून आले होते, ते म्हणाले, “एकानं दुसऱ्याला कळवायचं, त्याचं शास्त्र.” जयसिंगराव म्हणाले, “त्येला डिग्री लागती व्हय? आमच्या आळीत समद्या बायांना येतंय.” सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी सही केली.

आता जयसिंगरावांना सांगायला माझ्याकडे आकडा आहे.

तुझा मामू
जैनुद्दीन


पुणे, १५ ऑक्टोबर १९८२

मामूंना आणि अम्मीला सलाम.

पत्र पोचले. मामू, मथळा मोजू नका. मथळ्याचे पैसे धरत नाहीत. फोटोचेही नाहीत. ‘आमच्या वार्ताहराकडून’ ही ओळसुद्धा सोडायची. तिच्या खालच्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जे असेल तेवढेच.

पैसे लगेच मिळत नाहीत. कात्रणे कागदावर चिकटवून महिनाअखेरीला द्यावी लागतात, मग व्हाउचर निघते. ते मागेपुढे होते. इतक्यात हिशेबात धरू नका.

वर्गात आम्ही एकवीस जण आहोत. मुली चार. पहिल्या तासाला सरांनी सांगितले की बातमीत पहिल्याच वाक्यात सगळे सांगून टाकायचे. कोण, काय, कुठे, कधी. जो मागे ठेवतो तो बातमीदार नाही. मला हे चांगले जमते असे सर म्हणतात.

दिवाळीच्या सुट्टीत येता येणार नाही. काम आहे. अम्मीला सांगा, मेसचे जेवण बरे असते.

सायरा


पौड, २४ नोव्हेंबर १९८२

चि. सायरास दुवा.

मथळे सोडून मोजतो आहे. सुरुवातीला दोन-तीन इंच उतरले, पण दिवाळीनंतर तू फारच लिहायला लागलीस. परवा एका पानावर तीन होत्या. भोरची, जुन्नरची आणि दौंडची. एका दिवसात तीन गावे कशी केलीस? ताजबी घाबरली आहे. मी तिला सांगितले, पेपरची जीप असते. असते ना?

वही केली आहे. शंभर पानी. डावीकडे कात्रण, उजवीकडे माप. खळ मी घरीच करतो. भिकू दुकानावरून जाताना म्हणाला, “जैनूभाय, बातमीला झगा शिवायचाय व्हय?” मी म्हणालो, “न्हाई, तुझ्या तोंडाला पिशवी शिवायचीय.” तरी रोज येऊन विचारतो, आज किती इंच.

दौंडला ऊस जळाला ती बातमी ताजबीने दोनदा वाचायला लावली. म्हणाली, “माझ्या पोरीनं ह्ये डोळ्यांनी बघितलं आसंल.”

पुढच्या बुधवारी पतसंस्थेची बैठक आहे. दुसरे दोन हजार त्यात मंजूर व्हायचे. जयसिंगराव म्हणतात, फेड कुठून होणार त्याचा काहीतरी कागद आणा, पगारपत्रक नाहीतर दाखला. मी म्हणालो, कागद आहे. शंभर पानी आहे.

तू या गावचीच आहेस हे विसरू नकोस. दीड तासाची एसटी. दौंडला जातेस, जुन्नरला जातेस, पौडला येत नाहीस.

तुझा मामू
जैनुद्दीन


पुणे, २९ नोव्हेंबर १९८२

मामूंना सलाम.

बैठकीच्या आधी पोचावे म्हणून हे स्टेशनजवळच्या मोठ्या पोस्टात जाऊन टाकते आहे.

वहीतल्या सगळ्या बातम्या माझ्या नाहीत. काही दुसऱ्यांच्याही असतात. ‘आमच्या वार्ताहराकडून’ हे सगळ्यांनाच लावतात. हे मी पहिल्या पत्रात लिहायला हवे होते.

मी एक हिशेब केला आहे, तो बघा. मागच्या वर्षी इथून एकोणीस जण पास झाले. पेपरात पाच लागले, त्यातल्या एकाच्या वडिलांचाच पेपर आहे. उपसंपादकाला सुरुवातीला साडेचारशे मिळतात. सुरुवात रात्रपाळीने होते आणि रात्रपाळीला मुली घेत नाहीत. मुली तीन होत्या. एकीचे लग्न झाले, एक रेडिओवर महिन्यातून चार दिवस बोलते, तिसरीचे कोणाला माहीत नाही.

दुसरे दोन हजार उचलू नका. मी ही सहामाही संपवते आणि परत येते. जूनला बी.एड.चा अर्ज भरीन. त्याला फ्रीशिप मिळते का ते बघीन. दोन हजारांचा हप्ता सहासष्ट रुपये आहे. तो मी शिकवण्या करूनही फेडीन. चार हजारांचे मला सांगता येत नाही.

गुरुजींची दुसरी सही घेऊ नका.

सायरा


पौड, ३ डिसेंबर १९८२

चि. सायरास दुवा.

तुझे पत्र गुरुवारी दुपारी मिळाले. बैठक बुधवारी झाली.

झाले ते सांगतो. मी वही टेबलावर ठेवली. जयसिंगराव म्हणाले, “ह्ये काय?” मी म्हणालो, “भाचीची कमाई.” ते म्हणाले, “पेपरवाले पगार देत न्हाईत व्हय?” मी म्हणालो, “इंचावर देत्यात.” त्यांनी पाने उलटली. मग म्हणाले, “टेप आणलीया?” टेप माझ्या गळ्यातच होती. त्यांनी स्वतः एक बातमी मोजली, जुन्नरची. सहा इंच एक सूत. वहीत बघितले, सहा इंच एक सूत. संचालकांना म्हणाले, “मानूस बराबर हाय.” मंजूर झाले.

गुरुजींनी वही हातात घेतली होती. पहिले पान वाचले, मधली दोन-चार चाळली. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सही केली. बाहेर आल्यावर चहा पाजला, तोही त्यांनीच.

पैसे आपल्या हातात येत नाहीत. तुझ्या संस्थेच्या नावाचा ड्राफ्ट निघतो. तो गुरुवारी सकाळी रजिस्टरने गेला. तुझे पत्र आले तेव्हा तो पुण्याच्या वाटेवर होता. एकदा भरलेली फी परत मिळत नाही, असे तुमच्याच पुस्तिकेच्या मागे छापले आहे. ते मी आज वाचले.

आता तू लिहितेस, काही दुसऱ्यांच्या. काही म्हणजे किती? ते लिहिले नाहीस. भोर, जुन्नर, दौंड मी काढून टाकले. तरी रोज चार-पाच इंच उरतात. तुझ्या पगाराचे साडेचारशे आणि हे पन्नास. जमेल असे मला वाटते.

वही अकराच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिली आहे. तो स्वारगेटच्या चौकीत ठेवील, तिथून घे. तुझ्या बातम्यांवर लाल पेन्सिलीने खूण कर आणि त्याच गाडीने परत पाठव. बाकीच्या मी खोडीन. माझे माप चुकले नाही एवढे मला माहीत आहे.

जैनुद्दीन


पुणे, ११ डिसेंबर १९८२

मामूंना सलाम.

वही परत पाठवते आहे. खुणा केल्या आहेत. बावीस आहेत. तुमचे माप तसेच ठेवले आहे, सगळे बरोबर होते.

ड्राफ्ट संस्थेत पोचला. पावती सोबत आहे.

पौडची बातमी अम्मीला पुन्हा वाचून दाखवा. स्टँडवरचा नळ सतरा दिवस कोरडा आहे ती. शेवटच्या पानांत आहे. तिला आवडेल.

माझी काळजी करू नका.

सायरा


पौड, १३ फेब्रुवारी १९८३

चि. सायरा हिस आनंदा गुरुजींचा आशीर्वाद.

दोन महिने जैनूने तुला पत्र लिहिले नाही म्हणून मी लिहितो आहे. तो लिहील असे दिसत नाही.

वही परत आली त्या दिवशी संध्याकाळी मी दुकानात होतो. तो बाकीच्या बातम्या खोडत होता आणि तुझ्या मोजत होता. नथू पेपरचे बिल घ्यायला आला. जैनूने त्याला वही दाखवली. म्हणाला, “बघ नथू, पुण्यात बसून पोरीनं आपल्या नळाची बातमी लिवली.” नथूने वाचली. तो म्हणाला, “जैनूभाय, ही माझी हाय.”

जैनू हसला. त्याला वाटले, नथू थट्टा करतो आहे. नथूने खिशातून घड्या पडलेला कागद काढला. त्याच्या हातचा कच्चा मजकूर होता. तालुक्याच्या बातम्या तोच पाठवतो, एसटीच्या कंडक्टरकडे. कचेरीतल्या लोकांना राग येतो म्हणून कोणाला सांगत नाही. हे मला माहीत होते. जैनूला नव्हते. त्याने विचारले, “इंचाला तुला किती देत्यात?” नथू म्हणाला, “मला? एक पैसा न्हाई. चार पेपर जास्त खपत्यात म्हनून लिवतोय.”

जैनूने टेप गुंडाळून खिशात ठेवली. ती तो गळ्यातून काढत नाही, जेवतानाही नाही. मग एक शर्ट कापायला घेतला. पाठ एक इंचाने आखूड कापली. गिऱ्हाइकाला कापडाचे पैसे द्यावे लागले.

तुला रागावण्यासाठी हे लिहीत नाही. मीही तुझ्याएवढाच गप्प राहिलो. मी रोज शाळेत तीन पेपर वाचतो. वहीत तुझे काही नाही हे मला बैठकीत पहिल्या पानावर कळले होते. मी ते तिथे बोललो असतो तर बरे झाले असते का, याचा विचार मी अजून करतो.

पौडमध्ये पूर्वी तुझ्या आज्याशिवाय आणखी दोन शिंपी होते. मी चौथीत होतो. आमच्या वस्तीतल्या मुलांना ते टेप लावत नसत. लांब उभे करायचे आणि नजरेने अंदाज घ्यायचे. कपडे आखूड व्हायचे, नाहीतर पोत्यासारखे. तुझ्या आज्याने मला जवळ बोलावले आणि टेप लावली. छातीला, खांद्याला, मनगटाला. जैनू शेजारी काजं करत बसला होता, तो आकडे लिहून घेत होता. अंगावर बसेल असा तो माझा पहिला शर्ट. बैठकीत तुझ्या बातम्यांच्या वहीत जैनूचे आकडे बघून माझ्याने बोलवेना. एवढेच कारण आहे. ते पुरेसे नाही, हे मला कळते.

परीक्षा दे. पैसे भरलेले आहेत. जुलैपासून हप्ता थकला तर माझ्या पगारातून पंचायत समितीतच कापला जाईल. तसा कागद मी लिहून दिला आहे. तुझ्या मामूने तो वाचलेला नाही. तो मापे वाचतो, कागद वाचत नाही.

आनंदा गुरुजी


पुणे, २९ मे १९८३

मामूंना सलाम.

पहिल्या वाक्यात सगळे सांगायचे असते. ते असे आहे: वर्षभरात माझी एकच बातमी छापून आली, सव्वादोन इंच, तीच जी मी बकरीदला दाखवली.

बसथांब्याला छप्पर नसल्याची होती. संस्थेने आम्हाला महिनाभर त्या पेपरात शिकायला पाठवले होते, तेव्हा लिहिली. इंचाला चाळीस पैसे हे सरांनी वर्गात सांगितले होते, वार्ताहरांना मिळतात म्हणून. मी वार्ताहर नव्हते. तरी मी हिशेब खात्यात विचारायला गेले. सव्वादोन इंचांचे नव्वद पैसे होतात. पाच रुपयांच्या आतले व्हाउचर निघत नाही.

बकरीदला तुम्ही विचारलेत, रोज येणार का. अम्मी दारात उभी होती. मी हो म्हणाले. तुमचे अकरा इंचांचे पत्र आले त्या दिवशी मी दोन उत्तरे लिहिली. एक खरे होते. दुसरे मथळ्याचे होते. मथळ्याचे टाकले.

लाल खुणा मी स्वारगेटवरच केल्या, बाकावर बसून. एकही करणार नव्हते. मग तुमचे माप बघितले. प्रत्येक आकड्याखाली तुम्ही रेघ मारली होती. पौडच्या बातमीवर पहिली खूण केली, ती नथूची असेल हे माझ्या डोक्यातही आले नाही.

परीक्षा झाली. पहिला वर्ग मिळेल असे सर म्हणतात. चार पेपरांत जाऊन आले. तिघांनी रात्रपाळीचे विचारले. चौथे संपादक चांगले बोलले. मी विचारले, मुळशी तालुक्याची वार्ताहर म्हणून घ्याल का, मी तिथलीच आहे. ते म्हणाले, तिथे आमचा एजंट फुकट पाठवतो.

त्याच पेपरात छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर जागा होती. ती मी घेतली आहे. दोनशे पंचाहत्तर रुपये. लोक निधनाच्या, हरवल्याच्या, भाड्याच्या खोलीच्या जाहिराती घेऊन येतात. त्या मी मोजते आणि पैसे घेते. फूटपट्टी ऑफिसची आहे. दहावी पास चालणार होते.

आता हिशेब. बायकांच्या वसतिगृहात खाटेचे साठ. मेस एकशे तीस. बसचा पास वीस, विद्यार्थ्यांचा आता चालत नाही. साबण, तेल, चपला, औषध मिळून पंचवीस धरले. उरतात चाळीस. चार हजारांचे एका महिन्याचे व्याज चाळीस रुपये आहे. मी हे तीनदा करून बघितले. मी महिना चाळीस पाठवीन. हप्ता एकशे तेहतीस. बाकीचे त्र्याण्णव कुठून आणायचे ते मला माहीत नाही. ते गुरुजींच्या पगारातून जातील. व्याज माझे आणि मुद्दल गुरुजींचे.

बी.एड. करून मास्तरीण झाले असते तर सहाशे मिळाले असते. जयसिंगराव बरोबर होते.

हे अम्मीला वाचून दाखवा. मला तोंडाने सांगता येणार नाही.

सायरा


पौड, ३ ऑगस्ट १९८३

चि. सायरास दुवा.

तुझे मे महिन्याचे पत्र मिळाले होते. उत्तर द्यायला बसलो की गिऱ्हाईक येत असे. गिऱ्हाईक आले नाही तरी उठत असे. ईदला तू आली नाहीस, ते मी समजलो. शीरखुर्मा ताजबीने दोन दिवस झाकून ठेवला होता.

चाळीसची मनिऑर्डर पोचली. जयसिंगरावांकडे जमा केली. त्यांनी पावती दिली. टोमणा मारला असता तर बरे झाले असते. गुरुजींच्या जुलैच्या पगारातून त्र्याण्णव कापले गेले. हे मला पंचायत समितीच्या शिपायाकडून कळले. गुरुजी म्हणाले असते, कापले नाहीत.

मी काही देऊ शकत नाही. शाळेच्या गणवेशाचे काम यंदा पुण्याच्या रेडीमेडवाल्याने नेले. दोनशे जोड होते दरसाल. आता दुकानाचे भाडे निघते आणि दोन वेळचे निघते. मी गुरुजींना म्हणालो, तीन वर्षे तुमचे कपडे फुकट शिवतो. ते म्हणाले, “आधीचे फाटू दे, जैनू. तू शिवलेलं फाटत न्हाई, ही अडचण हाय.”

त्यांच्या मुलीचा, चंद्राचा, डी.एड.चा अर्ज यंदा भरला नाही. तिला सांगितले, मार्क कमी पडले. तिला त्रेसष्ट टक्के आहेत. परवा ती ब्लाउजचे कापड घेऊन आली. ताजबी माप घेत होती, मी पाठ करून बसलो होतो. चंद्रा म्हणाली, “मामू, सायराताईला किती मार्क होते?” मी म्हणालो, आठवत नाही. पंचावन्न होते. मला आठवतात.

तुला दोष देत नाही. मी वही केली नसती तर जयसिंगरावांनी ती बघितली नसती. तू खोटे बोललीस ते एकदा. मी ते दोन महिने रोज सकाळी चिकटवले.

तुझे पत्र ताजबीला वाचून दाखवलेले नाही. डिसेंबरात नथूचे झाले त्यानंतर मी बातम्या वाचणे बंद केले होते. तिला सांगितले, सायराची परीक्षा आहे. मेमध्ये ती म्हणाली, परीक्षा झाली असेल. मी म्हणालो, आता नोकरी शोधते आहे. जूनमध्ये तिला भिकूच्या बायकोने सांगितले, तुझी पोरगी पेपरात लागली. हे खोटे नाही, म्हणून मी हो म्हणालो. ती रोज मान वर करून विचारते, आज आली का? मी नाही म्हणतो. गेल्या आठवड्यात म्हणाली, “पेपरात लागली आन लिवत न्हाई? आजारी तर न्हाई ना? मला पुण्याला न्या.”

तिला पुण्याला नेले तर ती खिडकी बघेल.

हे पत्र आज टाकणार नाही. उद्या पोस्टमन येईल त्याच्याकडे देईन. तोवर आणखी काही लिहायचे राहिले असेल तर लिहीन.

जैनुद्दीन

४ ऑगस्ट, सकाळी

नथूने पेपर टाकला. चौथ्या पानावर मंचरची बातमी होती. ताजबीने विचारले, आली का. मी हो म्हणालो. तिने खुंटीवरची टेप काढून आणून दिली. मथळा सोडून पाच इंच तीन सूत. वहीत चिकटवली.